मूर्तिजापूर किती अक्षरांचं?

तर मंडळी, या वीकेंडला एक सोप्पा प्रश्न. 'मूर्तिजापूर' या शब्दात अक्षरं किती?

मू, र्ति, जा, पू, र. पाच. दुसरीतलं पोरगंही बोटं मोडून सांगेल.

हाच प्रश्न मी कॉम्प्युटरला विचारला तेव्हा पहिलं उत्तर आलं ३३. मग ११. मग ६. पाचावर यायला त्याला २०२३ साल उजाडलं. मी पहिल्यांदा विचारलं होतं २००६ साली. मधल्या सतरा वर्षांत काय घडलं, आणि मुळात ३३ का आलं होतं, त्याची ही गोष्ट. निम्मी गोष्ट अमेरिकेतली आहे, निम्मी आमच्या वऱ्हाडातली.

(पुण्या-मुंबईकडच्या मंडळींसाठी: अकोल्याहून रेल्वेने बडनेऱ्याकडे, म्हणजे अमरावतीकडे निघालात की वाटेत मूर्तिजापूर लागतं. तालुक्याचं गाव, जिल्हा अकोला. पूर्वी इथूनच यवतमाळला आणि अचलपूरला नॅरोगेजची 'शकुंतला' सुटायची.)

झालं असं की, माझ्या मामांची अकोल्याला धान्याची अडत होती. तूर, सोयाबीन, हरभरा. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढला की त्याला हिशोबाची पट्टी द्यायची: नाव, गाव, वजन, भाव, त्यातून हमाली आणि तोलाई वजा, हाती किती. हे सगळं मुनीमजी हाताने लिहायचे. मी नुकताच नोकरीला लागलेला, अंगात भलताच उत्साह. म्हटलं, "मामा, तुम्ही कशाला त्रास घेता, एका रविवारात प्रोग्राम लिहून देतो." मामा म्हणाले, "पाह्य बाप्पा, तुले जमत असंन तर."

प्रोग्राम पायथनमध्ये लिहिला. तेव्हा पायथन २.४ चालू होतं. स्क्रीनवर 'मूर्तिजापूर' मोडकंतोडकं का होईना पण उमटलं. मी खूश. मग तेच आउटपुट फाइलमध्ये ओतलं, कारण फाइल एडिटरमध्ये उघडून तिथून प्रिंटरला पाठवायची होती. आणि प्रोग्राम धाडकन आपटला! एरर काय, तर 'आस्की' पद्धतीत हे अक्षर बसत नाही, त्याचा क्रमांक १२८ च्या आतला नाही.

स्क्रीनवर चालतं आणि फाइलमध्ये चालत नाही? एकच प्रिंटची ओळ, एकच शब्द! कारण नंतर कळलं. समोर टर्मिनल असेल तर पायथन त्याला विचारायचं, "बाबा रे, तुला कोणती लिपी-पद्धत कळते?" फाइल किंवा पाइप असेल तर विचारायला कोणीच नाही. मग ते गुपचूप सगळ्यात जुनी, सगळ्यात लहान पद्धत धरायचं. आस्की. १९६३ सालची, १२८ जागांची. त्यात इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं आणि काही यंत्राच्या खुणा. मूर्तिजापूर त्यात कुठून असणार!

तेव्हा सगळे करायचे तोच उपाय मीही केला. शब्दाचे आधी स्वतःच यूटीएफ-८ मध्ये बाइट करायचे आणि ते बाइट छापायचे. आपटणं थांबलं. पण आता रकाने नाचायला लागले. गावाच्या नावाला मी वीस घरं ठेवली होती: नाव लहान असेल तर पुढे मोकळ्या जागा भर, मोठं असेल तर काप. 'अकोट' म्हणजे १२ बाइट, त्यामुळे पुढे आठ मोकळ्या जागा. 'अकोला' १५ बाइट, पाच जागा. 'अमरावती' २१ बाइट, म्हणजे वीसच्या बाहेर, काप! आणि 'मूर्तिजापूर'? देवनागरीची प्रत्येक खूण यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खाते. म, ऊकार, र, हलन्त, त, इकार, ज, आकार, प, ऊकार, र. अकरा खुणा, तेहतीस बाइट. विसाव्या बाइटवर कात्री चालवली की सहा खुणा पूर्ण येतात आणि सातवीचे दोन तुकडे लोंबत राहतात. पट्टीवर छापून आलं 'मूर्ति' आणि पुढे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह.

वजनाचा आकडा सरकून भावाच्या रकान्याखाली गेला ते वेगळंच.

सोमवारी बाजार भरणार होता. मी रात्री दोन वाजता हार मानली आणि सगळी पट्टी इंग्रजीत करून टाकली. रकाने एकदम सरळ रेषेत, एकही एरर नाही. माझ्या दृष्टीने बग फिक्स झाला होता.

सकाळी मूर्तिजापूरकडचे एक म्हातारे शेतकरी तूर घेऊन आले. पट्टी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. मला म्हणाले, "इंग्रजीत काहून केलं बाप्पा? कालपरेंत मी वाचत होतो. आता मले काय समजते यातलं?"

मी काहीतरी पुटपुटलो, मराठीत मशीनला अडचण येते वगैरे. तेव्हा गादीवरून मामा म्हणाले, "तुह्या मशीनले आपली भाषा येत नाही, अन् पट्टी आम्ही बदलायची?" मुनीमजींनी पट्टी पुन्हा हाताने लिहून दिली. माझा प्रोग्राम त्या दिवशी बंद पडला तो कायमचाच.

पट्टी म्हणजे नुसता कागद नाही. माल किती भरला, कापलं किती, हे शेतकऱ्याला स्वतःला तपासता यावं म्हणून ती असते. मी ती सुबक केली आणि ज्याची होती त्यालाच वाचता येईनाशी केली. तेव्हा लाज वाटली. कारण शोधायला मात्र बरीच वर्षं लागली.

एक खूण म्हणजे एक बाइट म्हणजे कागदावरचं एक घर, हे समीकरण आलं कुठून?

आलं टेलिटाइपवरून. युनिक्सचा जन्म १९६९ चा, बेल लॅब्समधला. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची ज्या यंत्रावर बसून काम करायचे ते 'मॉडेल ३३ टेलिटाइप' म्हणजे तारेने जोडलेला टाइपरायटरच. सेकंदाला दहा अक्षरं, एका ओळीत ७२ घरं. एक कोड आला की एक ठोका, ठोका पडला की गाडी एक घर पुढे. आज आपण ज्याला 'स्टँडर्ड आउटपुट' म्हणतो ती कल्पना त्या वातावरणात रुजली. सी भाषेतलं प्रिंटएफ त्याच घरचं लेकरू. त्याला "हा शब्द वीस घरांत बसव" म्हटलं की आजही ते वीस बाइट मोजतं. टेलिटाइप भंगारात गेले, पण ते गृहीतक लायब्ररीत तसंच बसून राहिलं.

आता गंमत बघा. आपला देवनागरी टाइपरायटर या बाबतीत जास्त शहाणा होता! अकोल्या-अमरावतीत गल्लोगल्ली टायपिंग इन्स्टिट्यूट होत्या, सरकारी नोकरीसाठी मराठी टायपिंगची परीक्षा द्यायला लागायची. त्या यंत्रात काही मात्रांच्या कळा 'डेड' असायच्या. कळ दाबली की खूण उमटते, पण गाडी पुढे सरकत नाही. म्हणजे 'खूण वेगळी, घर वेगळं' हे ज्ञान लोखंडात ओतलेलं होतं. सॉफ्टवेअरला तेच शिकायला पुढे काही दशकं लागली.

बरं, आपल्याकडे कोणी काही केलंच नाही असं नाही हां. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांवर काम झालं, त्यातून जिस्ट तंत्रज्ञान आलं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं आणि ते काम तिथे पुढे गेलं. डॉसच्या जमान्यात कॉम्प्युटरमध्ये जिस्ट कार्ड बसवलं की स्क्रीनवर मराठी दिसायची. त्याच काळात 'इस्की' हे मानक आलं, १९८८ मध्ये आणि सुधारून १९९१ मध्ये. खालच्या १२८ जागा आस्कीला तशाच सोडायच्या आणि वरच्या १२८ मध्ये भारतीय अक्षरं बसवायची. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, त्यातला देवनागरीचा तक्ता १९८८ च्या इस्कीवरूनच घेतला आहे.

आणि इथेच आमच्या वऱ्हाडाचा नंबर लागतो. 'वऱ्हाड' हा शब्द नीट बघा. त्यातला र हा 'सूर्य'मधला रफार नाही, तो आडवा चंद्रकोरीसारखा. युनिकोडवाले त्याला 'आयलॅश' म्हणजे पापणी म्हणतात. हिंदीला तो लागत नाही, मराठीचं त्यावाचून अडतं. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे चिखलदऱ्याला दिसतात त्या. हा र चुकला की मेळघाटात समुद्र येतो!

त्याला जागा कुठे दिली? यू+०९३१ वर एक 'ऱ' आहे, टिंबवाला. मुळात तो दक्षिणेकडच्या भाषांतला कठोर र लिहिण्यासाठी ठेवलेला. त्याच्यापुढे हलन्त आला की आपला पापणीचा र काढायचा, असा इस्कीचा नियम. पण युनिकोडच्या २.० आवृत्तीत वेगळी वाट होती: साधा र, हलन्त आणि पुढे एक न दिसणारा जोडक. पुढे इस्कीचा नियम घेतला, आणि जुना मजकूर मोडू नये म्हणून ती वाटही चालू ठेवली. परिणाम? 'वऱ्हाड' दोन प्रकारे लिहिता येतो. एकात सहा खुणा, दुसऱ्यात सात. डोळ्यांना दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. २००० नंतरच्या दशकातल्या मराठी पानांवर अदृश्य जोडकवाला वऱ्हाड ढिगाने सापडतो. आज टिंबवाल्या ऱ ने जसाच्या तसा शोधलात तर तो हाती लागेलच असं नाही. युनिकोडची प्रमाणीकरणाची ठरलेली रीत वापरली तरी हे दोघे एक होत नाहीत, त्यासाठी प्रोग्रामरलाच मुद्दाम नियम लिहावा लागतो.

आता तुम्ही म्हणाल, १९९१ ला युनिकोड आलं तर २००६ पर्यंत सगळे झोपले होते का? झोपले नव्हते, फॉन्टवर भागवत होते. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीची चित्रं बसवायची, की झालं काम. प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा. फॉन्ट नसेल तर समोर नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा.

वऱ्हाडाला हा प्रकार नवा नाही. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर म्हणजे गोविंदप्रभूंचं गाव, महानुभावांचं मोठं स्थान. म्हाइंभटांचं 'लीळाचरित्र' तेराव्या शतकातलं. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहायला सुरुवात केली. भाषा मराठीच, पण खुणांची अदलाबदल. तक्ता पंथाबाहेर कोणाकडे नाही, त्यामुळे कित्येक शतकं ते साहित्य बाहेरच्यांना बंद राहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाड्यांनी तिची किल्ली शोधली. त्यांनी मुद्दाम कुलूप लावलं होतं, आपण फॉन्टवाल्यांनी नकळत लावलं. शिकवण एकच: मजकूर जपून भागत नाही, तक्ताही जपावा लागतो.

परत प्रिंटकडे येऊ. सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्प्सन (हो, तेच टेलिटाइपवाले!) आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका हॉटेलात, ताटाखालच्या कागदावर यूटीएफ-८ ची मांडणी केली. जुना आस्की मजकूर जसाच्या तसा चालतो आणि जगातली प्रत्येक खूणही बसते. पण हा झाला तक्ता. तो वापरणार कोण? भाषांच्या प्रिंटने आधी स्वतःला सुधारायला हवं होतं.

पायथनमध्ये ते टप्प्याटप्प्याने झालं. २००० साली पायथन २.० मध्ये युनिकोड आलं, पण बाइट आणि अक्षरं एकमेकांत मिसळलेलीच राहिली. ३ डिसेंबर २००८ ला पायथन ३.० आलं आणि दोघांची फारकत झाली: अक्षरं ती अक्षरं, बाइट ते बाइट, मधे तक्ता सांगणं सक्तीचं. या एका निर्णयाने जगातला बराच जुना कोड मोडला. लोकांनी बोटं मोडली आणि पायथन २ शेवटी १ जानेवारी २०२० ला निवृत्त झालं. पण 'मूर्तिजापूर'ला आता ३३ ऐवजी ११ उत्तर मिळू लागलं.

तरी विंडोजच्या काळ्या खिडकीत छापायचं म्हटलं की बोंब होतीच. पायथनच्या तक्रारवहीत क्रमांक १६०२ ची तक्रार २००७ साली नोंदवली गेली: विंडोजच्या कन्सोलवर युनिकोड छापता येत नाही. उत्तर मिळालं डिसेंबर २०१६ मध्ये, पायथन ३.६ सोबत. नऊ वर्षं! दुरुस्ती ऐकायला साधी वाटते. कन्सोलला जुन्या तक्त्यातले बाइट पाठवायचे नाहीत, विंडोजचं युनिकोडवालं फंक्शनच थेट वापरायचं. पण त्यासाठी पायथनचा आउटपुटचा थर विंडोजपुरता नव्याने लिहावा लागला. हा प्रस्ताव 'पेप ५२८', लिहिणारे स्टीव्ह डाउअर.

जून २०१८ च्या ३.७ मध्ये दुसरं भोक बुजलं. सर्व्हरवर भाषा ठरवलेली नसेल तर पायथन ३ सुद्धा पुन्हा आस्कीकडे वळायचं, माझ्या २००६ च्या चुकीसारखंच. निक कॉगलन आणि व्हिक्टर स्टिनर यांच्या दोन वेगळ्या प्रस्तावांनंतर अशा वेळी यूटीएफ-८ धरायचं ठरलं. जावाने २०२२ साली १८ व्या आवृत्तीत सगळीकडे यूटीएफ-८ केलं, पण स्टँडर्ड आउटपुटला मात्र मुद्दाम त्यातून वगळलं, कारण पलीकडचं टर्मिनल काय समजतं हे भाषेला ठरवता येत नाही. म्हणजे प्रिंट ही जगातली सगळ्यात सोपी ओळ, आणि दोन अनोळखी यंत्रांमधला करारही तीच.

राहिलं ११ वरून ५ वर येणं. अकरा खुणा म्हणजे अकरा अक्षरं नव्हेत. युनिकोडने 'माणसाला एक वाटेल तो गट' मोजायचे नियम केले. स्विफ्ट भाषेने २०१४ पासून अशा गटालाच अक्षर मानलं. मात्रा आपल्या व्यंजनाला चिकटल्या, पण जोडाक्षर हलन्तावर तुटत होतं: मू, र्, ति, जा, पू, र. सहा. सप्टेंबर २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये देवनागरीसह सहा भारतीय लिप्यांसाठी नवा नियम आला: व्यंजन, हलन्त, व्यंजन हे एकत्र ठेवायचं. र्ति जोडला गेला. पाच! आणि 'वऱ्हाड'ही चारावरून तीनावर आला: व, ऱ्हा, ड.

या सगळ्यात मला टोचतं ते वेगळंच. ती १६०२ नंबरची तक्रार नऊ वर्षं जिवंत राहिली, कारण कोणीतरी आपापल्या भाषेतला शब्द घेऊन परत परत म्हणत राहिलं की हे चालत नाही. मी काय केलं होतं? माझ्याकडे 'मूर्तिजापूर' होतं, 'वऱ्हाड' होतं, याहून चांगली टेस्ट केस कोणाला मिळणार? मी एक ओळही कुठे लिहिली नाही. भाषेत बग आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं आमच्या गावाचं नाव अवघड आहे.

गेल्या महिन्यात एका रविवारी ती पट्टी पुन्हा लिहिली. कापायचं झालं तर अक्षराच्या गटावर कापते, मधे नाही. दोन्ही वऱ्हाड तिला एकच वाटतात. आणि रकान्यांसाठी मोकळ्या जागा भरणं सोडून दिलं. देवनागरीत ज आणि र एका रुंदीचे नसतात, त्यामुळे अक्षरं बरोबर मोजली तरी घरं जुळतीलच असं नाही. मोकळ्या जागांनी रकाने जुळवणं हेच मुळात टेलिटाइपचं उष्टं. सरळ तक्ता आखला. तपासायला नावं घातली अकोट, तेल्हारा, बार्शीटाकळी, मूर्तिजापूर. सगळी नीट आली. वजन वजनाच्या रकान्यात, भाव भावाच्या.

मामांनी अडत कधीच बंद केली. पट्टीचा फोटो त्यांना पाठवला आणि फोन केला. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली असावी, कारण बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "चांगली झाली. पण त्या मूर्तिजापूरच्या म्हाताऱ्याले आता कोण दाखवन?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे मात्र अजून वेळ आहे. पुढच्या वेळी तुमच्या गावाचं नाव कुठे वाकडं छापून आलं, तर नाव इंग्रजीत लिहून मोकळे होऊ नका. दहा मिनिटं काढून तक्रार नोंदवा.